रिलेटिव्ह ग्रेडिंगचं गणित: ५६ ला बी मायनस आणि ७१ ला सी, असं का होतं?

फर्मागुडीकर (धागाकर्ता)

बारावीपर्यंत आपल्या मुलांना मार्कांचा एकच हिशोब माहीत असतो. गोवा बोर्डाच्या मार्कलिस्टवर ८५ म्हणजे ८५; शेजारच्या बाकावरच्याला किती पडले याच्याशी त्याचा संबंध नाही. तीच मुलं झुआरीनगरच्या बिट्समध्ये (बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमध्ये) किंवा एखाद्या आयआयटीत गेली की पहिल्या सेमिस्टरच्या निकालाला घरात वाद सुरू होतात. एका विषयात १०० पैकी ५६ पडले तर ग्रेड बी मायनस, दुसऱ्यात ७१ पडले तर सी. पालकांना वाटतं काहीतरी चुकलंय, मुलांना वाटतं सरांनी मुद्दाम कटऑफ चढवला. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. म्हणून आकडे घेऊनच बोलू या.

बिट्समध्ये ए, ए मायनस, बी, बी मायनस, सी, सी मायनस, डी, ई अशा आठ ग्रेड आहेत. त्यांचे गुण (ग्रेड पॉइंट) अनुक्रमे १०, ९, ८, ७, ६, ५, ४ आणि २. आयआयटी मुंबईत एए, एबी, बीबी, बीसी, सीसी, सीडी, डीडी अशी १० पासून ४ पर्यंत उतरण आहे. अक्षरं वेगळी, विचार एकच: तुमचा आकडा वर्गाच्या सरासरीपासून किती दूर आहे हे पाहायचं. हेच रिलेटिव्ह ग्रेडिंग. ते अंतर मार्कांत मोजायचं नाही, वर्गाच्या पसाऱ्यात मोजायचं. पसारा म्हणजे प्रमाण विचलन (मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप), ज्याला कॉलेजात सगळे एसडी म्हणतात.

समजा १२० मुलांचा वर्ग आहे, टोटल १०० मार्कांची, सरासरी ५४, एसडी १५. एक ग्रेड अर्ध्या एसडीची, म्हणजे साडेसात मार्कांची धरली, आणि सरासरी बी मायनसच्या खालच्या टोकाला ठेवली, तर कटऑफ असे पडतात: ए ७६.५, ए मायनस ६९, बी ६१.५, बी मायनस ५४, सी ४६.५, सी मायनस ३९, डी ३१.५. त्याखाली ई. मार्कांचा आलेख अगदी घंटेसारखा असेल तर वरून खाली मुलं ८, ११, १८, २३, २३, १८, ११, ८ अशी वाटली जातात. वर्गाचा सरासरी ग्रेड पॉइंट साधारण ६.४ येतो.

आता दुसरा विषय घ्या: सरासरी ७५, एसडी १०. इथे सी ची पट्टी ७० ते ७५. म्हणून ७१ ला सी. पेपर सोपा होता, सगळ्यांनाच जमला, एवढाच त्याचा अर्थ.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात शिक्षक कटऑफ कसे लावतात ते जाणकारांनी लिहावं.

संख्या_म्हापसा

धागा चांगला आहे. यात एक गोष्ट लगेच जोडते, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

विषयाच्या हँडआउटमध्ये लिहिलेलं असतं: असाइनमेंट आणि लॅब २५, मिडसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३५, कॉम्प्रे (सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा) ४०. मुलं यालाच वजन समजतात. पण रिलेटिव्ह ग्रेडिंगमध्ये घटकाचं खरं वजन त्याच्या पसाऱ्यावर ठरतं. वरच्याच वर्गात असाइनमेंटची सरासरी २२ आणि एसडी २ असेल, मिडसेमची सरासरी १५ आणि एसडी ७, कॉम्प्रेची सरासरी १७ आणि एसडी ९. बेरीज केली की सरासरी ५४ आली, आणि या घटकांचा एकमेकांशी नेहमीसारखा संबंध धरला तर एसडी १५ च्या आसपास येतो.

यात असाइनमेंटचे पैकीच्या पैकी २५ मिळवले तर तुम्ही वर्गाच्या फक्त ३ मार्क पुढे गेलात. अर्धी ग्रेडसुद्धा नाही. उलट १० मार्कांची एक असाइनमेंट दिलीच नाही, तर इतर सगळ्यांकडे असलेले ९ मार्क तुमच्याकडे नाहीत. म्हणजे एका ग्रेडहून जास्त घसरण, तीही वर्गातल्या सगळ्यात सोप्या मार्कांवर. असाइनमेंट वर चढवत नाही, पण न दिली तर खाली ढकलते.

आपल्याकडे हे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत घडतं. पहिलं सेमिस्टर ऐन रंगात असतं, मुलं चार-पाच दिवस गावी जातात, एखादी लॅब बुडते, एखादं ऑनलाइन सबमिशन राहतं. 'दोनच मार्कांचं होतं' म्हणून सोडून दिलं जातं. असे दोन-दोन मार्क तीनदा गेले की जवळपास एक ग्रेड गेली.

चढायचं असेल तर कॉम्प्रेवर चढायचं. तिथे पसारा मोठा, म्हणून तिथला प्रत्येक जास्तीचा प्रश्न तुम्हाला गर्दीतून बाहेर काढतो. मिडसेम आणि कॉम्प्रेच्या आधी मागच्या वर्षांचे पेपर घेऊन एकच शोधा: कुठल्या प्रकारच्या प्रश्नात वर्ग अडकतो? तो प्रश्न ज्याला जमला तो वर.

वेलिंग_पालक

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते की सरांनी आधीच ठरवलेलं असतं, ए फक्त दहा जणांना. तसं असतं का? आणि कटऑफ आधी का सांगत नाहीत?

फर्मागुडीकर

वेलिंगचे पालक, तीन पद्धती चालतात आणि बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात.

पहिली एसडीची, जी मी वर मांडली. दुसरी कोट्याची: वरचे अमुक टक्के ए, पुढचे अमुक टक्के ए मायनस. मुलीने ऐकलंय ती ही. तिसरी फटीची, आणि अनुभवी शिक्षक शेवटी हिच्याकडेच वळतात. सगळे मार्क उतरत्या क्रमाने लावायचे आणि आकड्यांत नैसर्गिक फट कुठे पडते ते पाहायचं.

फटीचं उदाहरण. सूत्राने बी चा कटऑफ ६१.५ आला. यादीत त्या जागी आकडे आहेत ६२.५, ६२, ६१, ६०.५, ५८, ५७.५. सूत्राप्रमाणे रेघ ६२ आणि ६१ च्या मधून जाते. तिथे अंतर एका मार्काचं. एवढी चूक पेपर तपासतानाच होऊ शकते. खाली ६०.५ आणि ५८ मध्ये अडीच मार्कांची फट आहे. समजूतदार शिक्षक रेघ तिथे नेतो. दोघांना बी जास्तीची मिळते आणि एका मार्कावरून भांडायला कुणी येत नाही. फट वरच्या बाजूला असेल तर रेघ वरही जाते. 'मला ६१.५ होते तरी बी मायनस' अशी तक्रार बहुधा तिथली असते.

कटऑफ आधी सांगता येत नाही, कारण आकडे येईपर्यंत तो अस्तित्वातच नसतो. मिडसेमनंतर मात्र सरासरी सांगितली जाते, कुठे कुठे आलेखही दाखवतात. तेवढं हातात असलं की आपण कुठे उभे आहोत ते प्रत्येकाला काढता येतं.

ग्रेडशीट

परीक्षा विभागाच्या बाजूने लिहितो. सूत्र बरोबर असूनही निकाल चुकू शकतो, आणि तो बहुतेक वेळा एक्सेलमध्ये चुकतो.

सगळ्यात मोठा घोळ गैरहजर मुलांचा. फर्मागुडीकरांच्या १२० च्या वर्गात समजा आणखी पाच नावं आहेत, ज्यांनी विषय मध्येच सोडला. त्यांच्या रकान्यात कुणीतरी शून्य भरलं. आता १२५ जणांची सरासरी ५४ वरून ५१.८ झाली, आणि एसडी १५ वरून थेट १८.१. कटऑफ पुन्हा काढा. ए ७६.५ होता तो ७९ झाला, ए मायनस ६९ चा ६९.९ झाला. तळाला डीचा कटऑफ ३१.५ वरून २४.७ वर आला. पाच रिकाम्या पेपरांनी वरच्या मुलांची ए हिरावून घेतली आणि खालच्या मुलांना ई मधून उचललं. मधल्या मुलांना काही कळलंही नाही, कारण बी आणि बी मायनसचे कटऑफ एक-दोन मार्कांनीच हलले.

उपाय साधा आहे. विषय सोडलेल्यांचा आणि कॉम्प्रेला न बसलेल्यांचा रकाना रिकामा ठेवायचा किंवा तिथे अक्षरात 'गैरहजर' लिहायचं. एक्सेलचं ॲव्हरेज रिकामी आणि अक्षरांची घरं सोडून देतं. शून्य मात्र मोजतं. पण उलटी काळजीही घ्यावी लागते: जो पेपरला बसला आणि ज्याला खरोखर शून्य पडलं, त्याचं शून्य राहिलंच पाहिजे.

दुसरी चूक आधी गोल करण्याची. प्रत्येक घटक गोल करून बेरीज केली तर तीन घटकांत मिळून दीड मार्कापर्यंत फरक पडतो. कटऑफजवळच्या मुलाला तो पुरेसा आहे. बेरीज दशांशासकट करायची, गोल करायचंच असेल तर शेवटी एकदा.

एसडी काढायला एक्सेलचं एसटीडेव्ह.एस वापरायचं की एसटीडेव्ह.पी, यावर मात्र शिक्षकांनी वेळ घालवू नये. १२० च्या वर्गात १५ चा १५.०६ होतो, एवढाच फरक.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल

ग्रेडशीट सर, तपासणीबद्दलही लिहा ना. आमच्याकडे एका विषयाच्या चार सेक्शन असतात आणि सगळ्यांचे मार्क एकत्र करून ग्रेड लावतात. एका सेक्शनचे सर कडक तपासणारे असले तर?

ग्रेडशीट

म्हणूनच मोठ्या विषयात पेपर सेक्शनप्रमाणे वाटायचे नसतात, प्रश्नाप्रमाणे वाटायचे असतात. पहिला प्रश्न चारही सेक्शनचा एकाच शिक्षकाने तपासायचा, दुसरा दुसऱ्याने. मग कडक माणूस सगळ्यांनाच कडक लागतो आणि ग्रेडवर परिणाम होत नाही. लॅबचं मात्र तसं करता येत नाही, तिथे प्रत्येक बॅचचा शिक्षक वेगळा. लॅबची सरासरी बॅचनिहाय काढून पाहावी. एका बॅचची १७ आणि दुसरीची १३ असेल, आणि त्याच मुलांचे लेखी परीक्षेतले मार्क मात्र सारखे असतील, तर बॅचांची सरासरी जुळवून घ्यावी. हे ग्रेड लावण्याआधी करायचं. नंतर बोलून उपयोग नसतो.

तुम्ही विद्यार्थी म्हणून एक करू शकता. असा फरक दिसला तर मिडसेमच्या सुमारास विषयाच्या प्रमुख शिक्षकाकडे जा, बॅचचे आकडे घेऊन जा. कुणाबद्दल तक्रार म्हणून जाऊ नका.

संख्या_म्हापसा

कडक पेपरचाही प्रश्न आहे. पेपर फार अवघड निघाला, सगळे २० ते ४० मध्ये अडकले, एसडी ६ आला. आता अर्धा एसडी म्हणजे ३ मार्क. तीन मार्कांवर ग्रेड बदलते, आणि तीन मार्क म्हणजे एका डेरिव्हेशनमधल्या दोन पायऱ्या. पेपर अवघड असला की चांगली मुलं वेगळी उठून दिसतील असं काही शिक्षकांना वाटतं. घडतं उलट: गर्दी एकाच ठिकाणी दाटते आणि तपासणीतली छोटी चूक ग्रेड ठरवते. चांगल्या पेपरमध्ये चढण हवी. पहिले दोन प्रश्न ऐंशी टक्के वर्गाला जमतील असे, शेवटचा दहा टक्क्यांना जमेल असा.

म्हणून मुलांनो, पेपर दाखवतात तेव्हा जा. सोपा वाटलेल्या पेपरच्या वेळी एकवेळ नाही गेलात तरी चालेल, पण सरासरी कमी लागलेल्या पेपरच्या वेळी नक्की जा. बेरीज आधी तपासा, मग न तपासलेलं पान आहे का ते पाहा, मग पायऱ्यांचे मार्क उत्तरपत्रिकेच्या स्कीमशी जुळवा. 'सर, थोडे वाढवा' म्हणून काही होत नाही. 'तिसऱ्या पायरीला स्कीममध्ये २ आहेत, मला १ दिलाय' म्हटलं की शिक्षक पेपर हातात घेतात.

कुंकळ्ळी_कट्टा

मला दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. या पद्धतीने मुलं एकमेकांना नोट्स देत नाहीत. मित्र वर गेला की आपण खाली, असं डोक्यात बसतं. हॉस्टेलवर त्यामुळे जे वातावरण होतं ते मला पटत नाही.

फर्मागुडीकर

कुंकळ्ळीबाब, वातावरणाबद्दलची काळजी रास्त आहे, पण त्यामागचा हिशोबच खोटा आहे आणि तो मुलांना करून दाखवला पाहिजे. तुम्ही मित्राला शिकवलंत आणि त्याचे १० मार्क वाढले. १२० च्या वर्गाची सरासरी किती हलली? १० भागिले १२०, म्हणजे ०.०८. एसडीतला फरकही तितकाच किरकोळ. तुमच्या ग्रेडला धक्का लागायची शक्यता नाहीच्या बरोबर. उलट शिकवताना तुमचाच विषय पक्का होतो, आणि तो तुम्हाला कॉम्प्रेत लागणार असतो.

कुंकळ्ळी_कट्टा

एसडीच्या पद्धतीत मान्य. पण कोट्याच्या पद्धतीत? तिथे आठच ए असतील आणि मी आठवा असेन, तर मित्र नववरून सातवर गेला की माझी ए गेली.

फर्मागुडीकर

हो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि कोट्याची पद्धत मला त्यामुळेच आवडत नाही. पण तिथेही हे फक्त रेघेवरच्या मुलाला लागू. सहावा, पंधरावा, चाळिसावा मुलगा नोट्स लपवून काहीही वाचवत नाही.

छोट्या वर्गात मात्र प्रश्न खरा आहे. चौदा मुलांच्या इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) एसडीवरून ग्रेड लावणं चूकच. तिथे घंटेचा आकार येत नाही, दोन हुशार मुलं सरासरी ओढून नेतात. कित्येक संस्था त्यामुळे ठरावीक संख्येखालच्या वर्गाला ठरलेल्या मार्कांवर ग्रेड देतात. यूजीसीनेही रिलेटिव्ह आणि ॲब्सोल्यूट अशा दोन्ही पद्धती मान्य केलेल्या आहेत. इलेक्टिव्ह घेताना मागच्या वर्षी किती मुलं होती आणि ग्रेड कशा लागल्या, हे सीनियरना विचारून घ्यावं.

संख्या_म्हापसा

आणि दोन उंचवट्यांचा वर्ग. पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग हे त्याचं ठरलेलं उदाहरण. अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं एका बाजूला, आयुष्यात पहिल्यांदा लूप लिहिणारी दुसऱ्या बाजूला. मार्कांचे दोन डोंगर होतात आणि सरासरी मधल्या दरीत पडते, जिथे जवळजवळ कुणीच नसतं. एसडी फुगतो, ए चा कटऑफ ९५ च्या पुढे निघतो. इथे सूत्र बाजूला ठेवून आलेखावरूनच रेघा माराव्या लागतात. शिक्षक तसं करतात, म्हणून अशा विषयात आपणच सूत्राने कटऑफ काढून रडत बसू नये.

नवीन मुलांनी प्रोग्रॅमिंगची लॅब पहिल्या तीन आठवड्यांत सोडली नाही तर वरच्या डोंगरावर जाता येतं. मिडसेमनंतर ते फार जड जातं.

वेलिंग_पालक

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: ई आणि एनसी यात फरक काय? आणि सीजीपीएचे (सगळ्या विषयांच्या ग्रेड पॉइंटच्या सरासरीचे) टक्के कसे करायचे? नोकरीच्या फॉर्मात टक्के मागतात.

ग्रेडशीट

बिट्सपुरतं सांगतो. ई ही ग्रेड आहे, २ गुणांची, सीजीपीएत धरली जाते. एनसी ही ग्रेडच नाही. मूल्यमापन करण्याइतकं काही विद्यार्थ्याने दिलंच नाही, असा तो शेरा. त्याचे गुण मोजत नाहीत, पण सक्तीचा विषय असेल तर पुन्हा करावाच लागतो. एका सेमिस्टरात एकापेक्षा जास्त ई नको आणि सीजीपीए ४.५ च्या खाली नको, हे लक्षात ठेवा. त्याखाली गेलं की अभ्यासक्रमाचा वेग संस्था ठरवते, विद्यार्थ्याच्या हातात राहत नाही. विषय रिपीट करायचा विचार असेल तर आधी नियमावली वाचा. नवी ग्रेड जुनीच्या जागी बसते की दोन्ही दिसतात, हे संस्थेप्रमाणे बदलतं.

सीजीपीए काढताना क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, विसरू नका. समजा गणित ३ क्रेडिट बी मायनस, थर्मो ३ क्रेडिट सी, इलेक्ट्रिकल ३ क्रेडिट बी, प्रोग्रॅमिंग ४ क्रेडिट ए मायनस, वर्कशॉप २ क्रेडिट ए, फिजिक्स लॅब १ क्रेडिट ए. क्रेडिट गुणिले गुण यांची बेरीज १२९, क्रेडिट १६, उत्तर ८.०६. प्रोग्रॅमिंगमध्ये ए मायनसऐवजी सी आली असती तर ७.३१. फिजिक्स लॅबमध्ये तेवढीच घसरण झाली तर फक्त ०.१९ जातात. वेळ कुठे घालवायचा ते यावरून ठरवा.

टक्क्यांबद्दल: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्याप्रमाणे सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणतात, म्हणजे ८.०६ चे ७३.१. सीबीएसईचा दहावीसाठी पूर्वी असलेला ९.५ चा गुणाकार लावला तर ७६.६ येतात. इंजिनीअरिंगच्या डिग्रीला तो लावू नका. फॉर्ममध्ये संस्थेचं सूत्र मागितलेलं असेल तर ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते पाहा. संस्था रूपांतर देतच नसेल तर तसं लिहिलेलं पत्र अकॅडमिक विभागातून घ्या आणि ते अर्जाला जोडा. टक्क्यांच्या रकान्यात आपल्या मनाने आकडा भरू नका. कागदपत्रांच्या पडताळणीला मार्कशीटशी जुळला नाही तर अर्ज तिथेच अडकतो. पत्राला सुट्टीच्या दिवसांत वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायच्या आधीच अर्ज देऊन ठेवा.